कीर्तीचे व्याज

कर्तृत्व पुढे चालते आणि कीर्ती त्याच्या मागून येते, असे आपण शाळेतील मुलांस शिकवितो. जगाच्या बाजारात मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा झालेला दिसतो. वाडवडिलांनी एकदा कीर्तीचे मुद्दल मिळवून ठेवले की पुढील पिढ्या त्याच्या व्याजावर खुशाल बसून खातात. आणि ते व्याज बुडू नये म्हणून काळजी वाहणारे मुनीमही त्यांस फुकट लाभतात. हे मुनीम म्हणजे वृत्तपत्रकार. या प्रकाराचा इतका ठळक, इतका निलाजरा आणि इतक्या दीर्घकाळ चाललेला नमुना अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉलाखेरीज दुसरीकडे क्वचितच सापडेल.

हा विषय मराठी मासिकात कशासाठी, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आमच्या टेबलावर दरसाल पडते. परदेशी विद्यापीठांसाठी शिफारसपत्रे मागावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांची रांग वर्षानुवर्षे वाढत चालली आहे. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांच्या वर गेली, आणि त्यांत मराठी घरांतील मुलेमुली थोडी नाहीत. त्यांचे वडील आम्हांस विचारतात, “हे विद्यापीठ नामांकित आहे ना?” हे नाव कोठे ऐकले म्हणून आम्ही उलट पुसावे, तर पुष्कळदा असे निघते की तिकडे स्थायिक झालेल्या मेहुण्याच्या किंवा पुतण्याच्या तोंडून ऐकले, आणि त्याने ते ऐकले फुटबॉलच्या सामन्यात! तेथील एखाद्या गणितज्ञाचे किंवा रसायनशास्त्रज्ञाचे नाव या साखळीत कोठेच नसते. ज्या नावलौकिकावर विसंबून आपली माणसे आयुष्याची पुंजी खर्चण्यास सिद्ध होतात, तो नावलौकिक कोणत्या कारखान्यात तयार होतो, हे पाहणे म्हणूनच अगदीच परक्याची उठाठेव ठरू नये.

प्रथम एक खुलासा. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात चिखलाच्या मैदानावर खेळतात तो नव्हे. अंडाकृती चेंडू हातांत कवटाळून, डोक्यावर शिरस्त्राण चढवून, अकरा गड्यांनी समोरच्या अकरांवर तुटून पडावयाचे, असा हा रांगडा खेळ आहे. विद्यापीठांमधील पहिला सामना १८६९ साली रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यामध्ये झाला असे धरतात. तो मात्र आजच्या खेळापेक्षा आपल्या परिचयाच्या फुटबॉलास अधिक जवळचा होता. पुढे खेळाचे रूप पालटले, तो दांडगा झाला, मुले मैदानावर प्राणास मुकू लागली, आणि १९०५ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील धुरीणांस बोलावून कानउघाडणी केली. खेळ सुधारला आणि टिकला. तो टिकला याबद्दल आमची तक्रार नाही. तरुणांनी खेळावे, घाम गाळावा, जिंकल्यास आरोळ्या ठोकाव्यात. प्राध्यापकाने त्यावर नाक मुरडू नये. आमचे भांडण खेळाशी नाही, खेळाच्या भाटांशी आहे.

या भाटगिरीचा उगम पाहावयाचा तर १९२४ सालच्या ऑक्टोबरात जावे लागते. इंडियाना प्रांतातील नोटर डेम हे कॅथलिक विद्यापीठ त्या वेळी फारसे बडे नव्हते. त्याच्या संघाने न्यूयॉर्क येथे लष्करी अकादमीच्या संघास १३-७ असे हरविले. ग्रँटलंड राइस या विख्यात क्रीडालेखकाने दुसऱ्या दिवशीच्या ‘हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये विजयी संघाच्या मागील फळीतील चार गड्यांस बायबलात वर्णिलेल्या संहारक चार घोडेस्वारांची उपमा दिली. उपमा ठसठशीत होती. पण ती एका दिवसाच्या वर्तमानपत्राबरोबर रद्दीत गेली असती. ती अमर केली जॉर्ज स्ट्रिकलर या विद्यार्थ्याने. संघाच्या प्रसिद्धीचे काम त्याच्याकडे होते. गावी परतताच त्याने भाड्याचे चार घोडे आणविले, त्या चौघांस खेळाच्या पोशाखात त्यांवर बसविले आणि छायाचित्र काढविले. ते छायाचित्र वृत्तसंस्थांमार्फत देशभर गेले आणि चार विद्यार्थी पौराणिक पुरुष झाले.

संघ खरोखर चांगला होता, हे आम्ही नाकारीत नाही. त्या हंगामात तो एकही सामना हरला नाही. परंतु त्या वर्षापासून एक गोष्ट कायमची शिकली गेली: सामना मैदानात जिंकावयाचा आणि कीर्ती छापखान्यात जिंकावयाची. पुढे जॉर्ज गिप या १९२० साली अकाली निवर्तलेल्या खेळाडूचे मृत्युशय्येवरील शब्द म्हणून त्याचे शिक्षक नूट रॉकनी यांनी १९२८ साली संघास काही सांगितले. ते शब्द गिपने खरोखर उच्चारले होते की काय, याविषयी इतिहासकारांस दाट शंका आहे. पण १९४० साली चित्रपट निघाला, त्यात गिपची भूमिका रोनाल्ड रेगन यांनी केली, आणि शंका विरून गेली. ज्या कथेचा साक्षीदार नाही ती कथा राष्ट्राच्या स्मृतीत जाऊन बसली.

याचे फळ पाहा. नोटर डेमने सर्वमान्य राष्ट्रीय विजेतेपद शेवटचे मिळविले ते १९८८ साली. त्यानंतर १९९१ पासून एन.बी.सी. या दूरचित्रवाणी-संस्थेने त्या एकट्या विद्यापीठाचे घरच्या मैदानावरील सामने देशभर दाखविण्याचा करार अंमलात आणला. तो नूतन होत होत आजतागायत चालू आहे. तीस वर्षांहून अधिक काळ विजेतेपदाविना गेला, मधूनमधून लाजिरवाणे पराभव झाले, २०२५ च्या जानेवारीत अंतिम सामन्यापर्यंत मजल जाऊनही ओहायो स्टेटकडून हार पत्करावी लागली. परंतु करारास ओहोटी म्हणून लागली नाही. मुद्दल १९२४ चे, व्याज आजचे! असे दीर्घायुषी सरकारी रोखेही आमच्या पाहण्यात नाहीत.

कोणी म्हणेल, लोकांस जे आवडते ते वृत्तपत्रे पुरवितात. त्यांचा दोष काय? हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही, कारण आवड पुरविणे आणि निकाल देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकन विद्यापीठीय फुटबॉलमध्ये विजेता ठरविण्याचे काम पिढ्यानुपिढ्या मैदानाने नव्हे, मतांनी केले. असोशिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९३६ पासून क्रीडालेखकांची मते घेऊन संघांचा अनुक्रम लावण्यास आरंभ केला. ही कल्पना ज्यांची, ते संपादक अ‍ॅलन गूल्ड यांनी तिचा हेतू लपविला नाही: दोन शनिवारांमधील मोकळ्या दिवसांत वाचकांची उत्सुकता आणि वादावादी जागती ठेवावयाची. म्हणजे खप वाढविण्याकरिता काढलेली युक्ती पुढे न्यायासनावर जाऊन बसली. १९५० पासून तर एकही चेंडू खेळला जाण्यापूर्वीच हा अनुक्रम जाहीर होऊ लागला. ज्या परीक्षेचा निकाल परीक्षेपूर्वी लागतो, ती परीक्षा आमच्या विद्यापीठात झाली असती तर विद्यार्थ्यांनी काचा फोडल्या असत्या, आणि त्या फोडणे सर्वस्वी गैर होते असे आम्हांसही म्हणवले नसते.

खेळापूर्वीचा हा अनुक्रम म्हणजे वस्तुतः वंशावळीचे वाचन होय. तिकडच्या लेखकांनी जुन्या नामांकित संघांस ‘खानदानी’ अशा अर्थाचे एक विशेषणही बहाल केले आहे. खानदानी संघ पडला तर ‘घसरला’ म्हणावयाचे आणि एक सामना जिंकला तर ‘परत आला’ म्हणावयाचे. उपटसुंभ संघ जिंकला तर ‘प्रतिस्पर्धी दुबळे होते’ म्हणावयाचे. २०१६ च्या सप्टेंबरातील एक सामना या दृष्टीने मननीय आहे. एका बाजूस टेक्सस, दुसऱ्या बाजूस नोटर डेम; दोन्ही घराणी मातबर. नोटर डेमला हंगामापूर्वीच दहावे स्थान देऊन ठेवलेले होते. टेक्ससने जादा वेळेत ५०-४७ असा विजय मिळविला आणि त्याच क्षणी प्रक्षेपकाने टेक्सस परत आल्याची द्वाही फिरविली. हंगामाअखेर काय झाले? टेक्ससने पाच सामने जिंकले व सात हरले, आणि त्यांच्या मुख्य शिक्षकास नारळ मिळाला. नोटर डेमने चार जिंकले व आठ हरले. ज्यास युगांतर म्हणून गाजविले तो दोन दुबळ्या संघांचा एक रंगतदार सामना होता, इतकेच.

यात आणखी एक गोम आहे, आणि आमच्या मते तीच या साऱ्या प्रकरणाची नाडी आहे. तो सामना ए.बी.सी. वाहिनीवर दाखविला गेला. ती वाहिनी आणि इ.एस.पी.एन. ही क्रीडावाहिनी या दोन्ही डिस्नेच्या घरच्या. आणि याच इ.एस.पी.एन.ने २०११ पासून केवळ टेक्सस विद्यापीठाला वाहिलेली एक स्वतंत्र वाहिनी चालविली होती. वीस वर्षांचा आणि तीस कोटी डॉलरांचा तो करार होता! त्या प्रक्षेपकाच्या मनात पाप होते असे आम्ही म्हणत नाही. उत्साहाच्या भरात माणूस बोलून जातो. परंतु ज्या दुकानात माल भरलेला आहे त्याच दुकानाच्या गादीवरून मालाची पारख होत असेल, तर पारखी प्रामाणिक आहे की नाही हा प्रश्नच गौण ठरतो.

न मिळालेल्या न्यायाचेही एक उदाहरण घेऊ. २०१७ साली सेंट्रल फ्लॉरिडा या तुलनेने नव्या विद्यापीठाने आपले सर्व सामने जिंकले. त्या काळी निवड-समिती चार संघांस अंतिम फेरीसाठी बोलवीत असे. ती समिती वृत्तपत्रकारांची नव्हती, हे खरे. पण तिचा अनुक्रम दर आठवड्यास इ.एस.पी.एन.वरच जाहीर होई आणि अंतिम फेरीच्या प्रक्षेपणाचे हक्कही त्याच संस्थेकडे होते. समितीने या अपराजित संघास बारावे स्थान दिले. अलाबामा हा महाखानदानी संघ ऑबर्नकडून हरला होता आणि आपल्या गटाच्या अंतिम सामन्यासही पात्र ठरला नव्हता. तरी त्यास चौघांत घेतले. जॉर्जियाचा संघही त्या हंगामात एकदा ऑबर्नकडून हरला होता. पुढे त्याची परतफेड करून व गटविजेता होऊन तो चौघांत गेला. याच ऑबर्नला सेंट्रल फ्लॉरिडाने २०१८ च्या नववर्षदिनी ३४-२७ असे हरविले. आणि राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना झाला तो अलाबामा व जॉर्जिया यांच्यातच. सेंट्रल फ्लॉरिडा चौघांत असता तर जिंकलाच असता, असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, त्यास हरण्याची संधी तरी द्यावयास हवी होती. नवख्यास हरण्याचीही संधी नाकारणे, हेच खानदानीपणाचे खरे लक्षण आहे. २०२४ पासून बारा संघांस प्रवेश मिळू लागला ही सुधारणा खरी; परंतु उंबरठा रुंद केल्याने दारावरचा द्वारपाल बदलत नाही.

हे सारे अपरिहार्य होते काय? आमच्या मते नाही. १९८४ पर्यंत दूरचित्रवाणीवर कोणता संघ किती वेळा दिसावा यावर विद्यापीठांच्या राष्ट्रीय क्रीडामंडळाचे नियंत्रण होते. बड्या संघांनी सारा पडदा व्यापू नये, हा त्याचा एक परिणाम होता. ओक्लाहोमा व जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ते नियंत्रण व्यापारस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरविले. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः तारुण्यात कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. विद्यापीठीय खेळ हा केवळ व्यापारी माल नव्हे, शिक्षणाशी त्याचा काही संबंध राहावयाचा असेल तर अशी बंधने लागतील, असा त्यांच्या मतपत्राचा आशय आहे. त्या न्यायासनावर बसलेल्यांत या खेळाची खरी माया असणारा माणूस पराभूत पक्षात होता, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

निर्बंध सुटल्यावर पैशाने आपली वाट काढली. विद्यापीठांचे प्रादेशिक गट शतकभर शेजारधर्मावर उभे होते. ते दूरचित्रवाणीच्या करारांसाठी मोडले. २०२४ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याचे नाव मिरविणाऱ्या गटात जाऊन बसली. पॅसिफिकच्या काठी बसून अटलांटिकचे सभासदत्व! भूगोलाच्या पेपरात हे उत्तर लिहिणाऱ्यास आम्ही शून्य दिले असते. त्यांच्या जुन्या गटात त्या वर्षी उरली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे. त्यांचा अपराध कोणता? ती वाईट खेळत नव्हती. त्यांच्या गावांत प्रेक्षक थोडे आणि त्यांच्या नावास व्याज कमी, एवढाच.

डांगोऱ्याची सवय लागली की सत्याची चाड कशी सुटते, याचा दाखला पुन्हा नोटर डेमचाच आहे. २०१२ साली तेथील मँटी टेओ या उमद्या खेळाडूची आजी वारली, आणि त्याच सुमारास त्याची प्रेयसीही कर्करोगाने गेल्याचे त्यास कळले. दुःख गिळून तो खेळला, ही कथा देशातील मोठमोठ्या पत्रांनी व वाहिन्यांनी महिनोनमहिने सांगितली. २०१३ च्या जानेवारीत डेडस्पिन नावाच्या एका इंटरनेट-पत्राने मृत्यूच्या नोंदी धुंडाळल्या आणि उघड केले की अशी मुलगी या जगात कधी नव्हतीच! कोणी तोतयाने संदेशांवरून व दूरध्वनीवरून त्या पोराची क्रूर फसवणूक केली होती. त्यास आम्ही दोष देत नाही. एकवीस वर्षांच्या मुलाने भाबडे असणे हा गुन्हा नव्हे. पण ज्यांचा धंदाच चौकशी करण्याचा, त्यांपैकी कोणी त्या मुलीची मृत्युवार्ता एखाद्या वर्तमानपत्रात तरी शोधली होती काय? शोधली नाही, कारण कथा सुंदर होती आणि जागा नोटर डेमची होती. जेथे गिपचे अंतिम शब्द खपले, तेथे हेही खपून जावे यात नवल ते काय?

आता पूर्वपक्षाकडे वळू. पहिला आक्षेप असा की, या गाजावाजामुळे पैसा येतो आणि त्यावर विद्यापीठ पोसले जाते. पैसा येतो, हे खरे. पण तो जातो कोठे? २०२३ साली टेक्सस ए. अँड एम. विद्यापीठाने आपल्या फुटबॉल-शिक्षकास मुदतीपूर्वी घरी बसविले आणि त्याबद्दल त्यास साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देणे पत्करले. ही रक्कम शिकविण्याबद्दल नव्हे, न शिकविण्याबद्दल! आम्ही प्राध्यापक मंडळी इतकी वर्षे भलताच विषय शिकवीत आलो, असे हे वाचून वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरा आक्षेप असा की, आता खेळाडूंसही वाटा मिळतो. मिळतो, परंतु तो मिळावयास किती काळ लागला? चार घोडेस्वारांच्या छायाचित्रापासून २०२१ पर्यंत जवळजवळ शंभर वर्षे ज्यांच्या नावावर आणि चेहऱ्यावर सर्वांनी पैसा केला, त्यांस स्वतःच्या नावाचा मोबदला घेणे निषिद्ध होते. विद्यापीठांनी खेळाडूंस थेट पैसे देण्यास २०२५ साली न्यायालयाच्या संमतीने झालेल्या तडजोडीमुळे मुभा मिळाली. हे शहाणपण कोर्टाच्या पायरीवर सुचलेले आहे. आणि मोबदला मिळाला म्हणून डोक्यास वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूस होऊ शकणारी इजा टळत नाही, की बुडालेला वर्ग भरून निघत नाही.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे, आणि तो आम्ही सर्वांत अधिक मानतो. शनिवारी लाख माणसे एका मैदानात एकदिलाने गातात. मिशिगनच्या क्रीडांगणात १ लाख ७ हजारांहून अधिक आसने आहेत. बाप मुलास आणि मुलगा नातवास तेथे नेतो. ही परंपरा तुम्ही हसण्यावारी नेता काय? मुळीच नाही. पंढरीची वारी ज्या प्रांतात चालते तेथील माणूस समूहाच्या ओढीस हसणार नाही. परंतु ती परंपरा त्या माणसांची आहे, वाहिनीची नव्हे. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी सामन्याची वेळ बदलते, जुना शेजारी प्रतिस्पर्धी सुटतो आणि हजार कोसांवरचा नवा येतो, तेव्हा परंपरेचा घात कोण करतो? परंपरेचा जयजयकार करणारेच! कुंपणच शेत खाते, ते असे.

या चक्रातून बाहेर पडता येते काय? एका विद्यापीठाने ते करून दाखविले आहे. शिकागोचा संघ एके काळी खानदानीच होता. हाइजमन नावाचे जे सर्वोच्च वैयक्तिक पारितोषिक आज गाजते, त्याचा १९३५ सालचा पहिला मानकरी जे बेरवँगर हा तेथलाच. १९३९ साली मिशिगनने त्यांस ८५-० असे चिरडले. अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांनी तिकिटांचे उत्पन्न आणि शिक्षण यांच्या नात्यावर आधीच कडक टीका केली होती. त्याच वर्षाअखेर त्यांच्या विद्यापीठाने फुटबॉल-संघ बंद केला. आता हे विद्यापीठ बुडणार, असे भाकित करणारे थोडे नव्हते. पुढे १९४२ च्या डिसेंबरात त्याच ओस क्रीडांगणाच्या सज्जाखाली एन्‍रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अणूची पहिली नियंत्रित साखळी-प्रक्रिया घडवून आणली. ती घटना जगास वर ठरली की शाप, हा प्रश्न निराळा. परंतु विद्यापीठाचे नाव राखण्यास चेंडू लागत नाही, हे तीवरून सिद्ध झाले. १९६९ पासून तेथे विद्यार्थी पुन्हा फुटबॉल खेळू लागले. खेळाबद्दल शिष्यवृत्ती नाही, देशव्यापी डांगोरा नाही, नुसता खेळ आहे. आणि ज्या भूमीवर ते जुने क्रीडांगण होते, तेथे आज विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय उभे आहे.

सर्वांनी शिकागोचा मार्ग धरावा, इतके आम्ही भोळे नाही. आमची मागणी साधी आहे. हंगामापूर्वीचा अनुक्रम बंद करावा. ज्याचा करार त्याने निकाल देऊ नये. आणि क्रीडालेखकाने एवढे स्मरावे की, तो प्रथम लेखक आहे आणि मग प्रेक्षक. या मागण्या मान्य होतील अशी आशा आम्हांस फारशी नाही, कारण व्याज खाणाराने व्याज सोडल्याचे ऐकिवात नाही.

परंतु एक गोष्ट आपल्या हाती आहे. यापुढे आमच्याकडे शिफारसपत्रासाठी येणाऱ्या पालकांनी “हे विद्यापीठ नामांकित आहे ना?” असे विचारले, तर आम्ही त्यांस उलट तीन प्रश्न विचारणार आहोत: तेथे आपल्या मुलास शिकविणार कोण, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, आणि हे नाव आपण कोणाच्या तोंडून ऐकले? पहिल्या दोहोंचे उत्तर ठाऊक नसेल आणि तिसऱ्याचे तेवढे पाठ असेल, तर शिफारसपत्रापूर्वी त्यांच्याशी थोडे बोलावे लागेल.